पाडून नवीन का बांधत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि आजवर इतक्यांनी विचारलं म्हणून, एकदा नीट सांगते. जुन्या घराच्या दुरुस्तीत पैसे ओतण्यापेक्षा ते पाडून नवीन का बांधत नाही, हा तो प्रश्न. आजवर 'आवड आहे' म्हणून मी विषय बदलत आले. पण नुसत्या आवडीसाठी कोणी कर्ज काढत नाही.

आमच्या भिंती वीट आणि चुन्याच्या आहेत. ज्यांनी रचल्या त्यांनी दोन विटांमधला चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ ठेवला. झीज होते ती सांध्याची, वीट वाचते आणि सांधा पुन्हा भरता येतो. जे दुरुस्त होईल अशा बेतानं बांधलंय, ते एकदाही दुरुस्त न करता पाडायचं, हे माझ्यानं होत नाही.

आता मागच्या भिंतीविषयी. ओल थांबावी म्हणून आमच्या आधी कुणीतरी तिला जाड सिमेंटचा गिलावा केला होता. हेतू चांगलाच असणार. पण भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि चुन्यातून ते वाफ होऊन बाहेर पडतं. सिमेंटनं ती वाट बुजवली. ओल वर चढत गेली आणि भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकापर्यंत पोचली. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ते टोक बोटानं कुस्करत होतं.

गवंडीकाकांनी आधीच बजावलं होतं, "ताई, सिमेंट एकटं निघणार नाही." तसंच झालं. छिन्नी लागली की विटेची भाजलेली कडक पाठ सिमेंटबरोबर सोलून यायची, आतली मऊ माती भुरभुर गळायची. मग एक मोठा पोपडा पडला. तो उलटा केला तर त्याच्या अंगाला निळ्या रंगाची नक्षीची पट्टी चिकटून आली होती. सिमेंटखाली जुना रंगवलेला चुना होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ओरडून काम थांबवलं. काका छिन्नी हातात धरून उभे, आणि मला रडू आवरेना. सिमेंट ठेवलं तर तुळई जाणार, वरच्या मजल्याची जमीन जाणार. काढलं तर पट्टी जाणार. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं भांडलो. दुसऱ्या दिवशी काढलं.

जुन्या वास्तू कशा जपाव्यात याविषयीची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद म्हणते, वास्तूत प्रत्येक काळानं घातलेली भर मानावी आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. हे मी लोकांना ठासून सांगायचे. मग सिमेंट हीसुद्धा एका काळाची भरच नव्हती का? ते बाकीचं घर मारत होतं, हे माझं उत्तर. पण घर पाडा म्हणणारेही असंच काहीसं म्हणतात, आणि त्यांच्यात-माझ्यात रेघ नेमकी कुठे ओढायची ते मला अजून सांगता येत नाही.

सुतारानं तुळईचं कुजलेलं टोकच तेवढं कापून त्याच जातीचं लाकूड सांधलं. सांधा दिसतो, दिसू दे. भिंतीला साधा चुना केला. पट्टी पुन्हा रंगवावी, असं नवऱ्याचं म्हणणं आहे: तुकडे पुरेसे आहेत, अंदाज करावा लागणार नाही. मला ते पटत नाही, पण त्याला गप्प करील असं कारणही माझ्याकडे नाही. आतली ओल पुरती निघेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, एवढंच दोघांना मान्य आहे.