बऱ्हाणपूर: महाल, बागा आणि १६३० चं साल

रविवार, रात्री

आजचा दिवस बऱ्हाणपुरात गेला. कॉलनीतल्या महिला मंडळाची सहल, एक ट्रॅव्हलर गाडी आणि दिवसभरासाठी ठरवलेला गाईड. रावेरकडच्या माणसाला बऱ्हाणपूर नवं नाही. लग्नाचा बस्ता, मावा जिलेबी, एखादं लांबलेलं दुखणं, यासाठी जन्मभर जा-ये असते. पण कापड घेतलं की पिशव्या सांभाळत परत. तापीकाठचा शाही किल्ला बसच्या खिडकीतूनच बघितलेला. आज पहिल्यांदा तिकीट काढून आत शिरलो.

चोरवडचा नाका मागे पडला की पाट्या हिंदीत होतात, केळीच्या बागा मात्र आहेत तशाच चालू राहतात. फारुकी सुलतानांच्या वेळी ही हद्द नव्हतीच. त्यांचं पहिलं ठाणं थाळनेर, आपल्या शिरपूरजवळचं. तिथून ते बऱ्हाणपूरला आले आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत दोनशे वर्षं खानदेशाची राजधानी हीच. आता हे गाव दुसऱ्या राज्यात, मध्य प्रदेशात, म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असायचं. शाळेत इतिहास मीच शिकवत होते, त्या दोन ओळी पाठ आहेत.

गाईड तरुण मुलगा, तरतरीत, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारा. आमच्यातल्या नानींना जिना चढताना हात द्यायचा, सगळ्यांना ‘ताई’ म्हणायचा. त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या गोष्टीबद्दल. किल्ल्यात मुमताज, हमामात मुमताज, नदीपलीकडे मुमताज. जेवायला बसलो तेव्हाही मुमताजच. शहाजहानचं तिच्यावर किती प्रेम, ती इथेच कशी गेली, ताजमहाल खरं तर इथेच व्हायचा होता. ही शेवटची गोष्ट या गावात लहान पोरंही सांगतात. वाळवीमुळे राहून गेलं म्हणे. कोणी म्हणतं, तापीच्या काठची माती भुसभुशीत निघाली.

किल्ला बांधला फारुकींनी, वरचा साज चढवला मोगलांनी. नदीच्या अंगाने खालून बघितलं तर एकावर एक मजले चढत गेलेले दिसतात. वर गेल्यावर बरंचसं पडलेलं. दिवाण-ए-आमच्या जागी मोकळी गच्ची, पुढे लॉन आणि गुलाबाचे वाफे. वाफे चांगले राखलेत, मान्य, पण बादशाही बाग म्हणून फोटो काढायला आमच्या बायकांनी तिथे जी झुंबड उडवली ती बघून मला हसूच आलं. ती सरकारी माळ्याची बाग.

हमाम मात्र बघण्यासारखा आहे. मधे दगडी हौद, भिंतीतून पाणी खेळवायला मातीच्या नळ्या, उजेडासाठी वर झरोके. छतावर रंगकाम आहे, चारशे वर्षांचं, आणि ते अजून जिवंत आहे हे खरं वाटत नाही. लाल, निळा, हिरवा. पाकळीच्या आत बारीक पाकळी, तिच्याभोवती वेल. मी मान मागे टाकून इतका वेळ बघत राहिले की डोळ्यांपुढे काजवे आले. एका ठिकाणी गिलावा निघून खालची वीट उघडी पडलीय आणि वेल तिथेच तुटलीय. पुढे हातभर अंतर सोडून पुन्हा सुरू होते, त्याच वळणाने. खाली, हात पोचतो तिथवर, प्रेमी जीवांनी आपापली नावं आणि बाण कोरून ठेवलेत. गाईडने मोबाईलची बॅटरी एका नक्षीवर धरली. “ऊपर देखिए ताई, यही डिझाईन आगे ताजमहाल में गया.” सगळ्यांनी माना वर केल्या. मला तो आकार घुमटासारखा वाटला, इतकंच. दाखवणाऱ्याने दाखवलं की दिसतं.

तो म्हणाला, या हौदात गुलाबपाणी असायचं, अत्तर असायचं. आणि माझं डोकं तिथून जे भरकटलं ते संध्याकाळपर्यंत ठिकाणावर आलं नाही. कारण साल.

शहाजहान १६३० मध्ये बऱ्हाणपूरला येऊन बसला तो खानजहान लोदी या सरदाराचं बंड मोडायला आणि दख्खनच्या मोहिमेसाठी. मुमताज इथे १७ जून १६३१ ला गेली, चौदाव्या बाळंतपणात. या दोन तारखांच्या मधे काय होतं? आपल्या मुलखातला सगळ्यात भयंकर दुष्काळ. १६३० ला पाऊस पडलाच नाही. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे अन्नान्नदशा. देहूत तुकोबांची पहिली बायको याच दुष्काळात अन्नावाचून गेली, हे आपल्याला कीर्तनातून माहीत असतं. पण ते साल आणि या हमामाचं साल एकच, हे आपण कधी शेजारी ठेवून बघत नाही. मीही वर्गात दोन वेगळ्या धड्यांतच शिकवलं: इकडे ‘मोगलकालीन वास्तुकला’, तिकडे ‘संतांचे कार्य’.

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. सुरत–बऱ्हाणपूर वाट तेव्हा नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी खानदेशातूनच जायची. म्हणजे आमची गाडी सकाळी धावली तो पट्टा, थोडाफार इकडेतिकडे. त्याने लिहून ठेवलंय की रस्त्याला जागोजाग प्रेतं पडलेली, वास नाकातून जाईना. गावंच्या गावं ओस. ही आपलीच गावं. आपलेच कोणीतरी.

आणि बादशहाचा तळ? एवढी फौज, हत्ती, घोडे, उंट, बाजारबुणगे. त्यांना दाणावैरण लागणारच, आणि ती आजूबाजूच्या मुलखातूनच ओढली गेली असणार. हे मी गाईडला विचारलं, हमामाच्या दारातच. तो गोंधळला, मग म्हणाला, “ताई, बादशाह ने लंगर खोले थे.” बरोबर आहे त्याचं, आणि त्याला ते माहीत होतं याचं मला बरं वाटलं. दरबारी इतिहासातच नोंद आहे: बऱ्हाणपुरात अन्नछत्रं उघडली, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम झाला. सोमवार का, तर बादशहा तख्तावर बसला तो वार. वीस आठवडे, एक लाख रुपये. सारामाफीही दिली. दिलं नाही असं कोणी म्हणणार नाही. पण ते बघून मागे फिरले कोण आणि दारापर्यंत पोचलेच नाहीत कोण, याची नोंद दरबारात कोण ठेवतो.

मी हे सगळं मोठ्याने बोलत होते बहुतेक, कारण आमची ताई (माझी नणंद, तिला इतिहासाची ॲलर्जी आहे) म्हणाली, “वहिनी, सहलीला आलोय. परीक्षेला नाही.”

जामा मशिदीत मात्र ताईसुद्धा गप्प झाली. गावाच्या गजबजीत, पॉवरलूमची खडखड ऐकू येईल अशा वस्तीत, काळ्या दगडाची एवढी मोठी इमारत. घुमट नाही, नुसते दोन उंच मिनार. आत कमानींमागे कमानी. सुलतान आदिलशाह फारुकीने सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याबरोबर एक संस्कृत लेख, देवनागरीत. सुलतानाची वंशावळ आणि बांधकामाची तिथी, चक्क पंचांगाप्रमाणे. मी चष्मा पुसून अक्षरं लावायला लागले. काही लागली, काही नाही. नानींनी विचारलं, “व माय, मशिदीत संस्कृत कसं काय?” त्याला गाईडकडे उत्तर तयार होतं, भाईचाऱ्याचं. माझ्या मते कारण साधं असावं. गावात जे राहत होते, बाजार चालवत होते, कर भरत होते, त्यांना कळेल अशा अक्षरांत राजाने आपलं नाव लिहून घेतलं. त्यात शहाणपण होतं, आणि ते मला भाईचाऱ्यापेक्षा कमी वाटत नाही.

मग कुंडी भंडारा. इथे मी मनापासून खूश झाले. १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानानाच्या काळात झालेलं काम, दोहेवाला रहीम तोच. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवायचं, बोगद्यातून उताराने शहरात आणायचं. ना मोट ना रहाट. वर बघितलं तर शेतात ओळीने विहिरींची तोंडं दिसतात, त्या कुंड्या. हवा आणि उजेड खाली जायला, साफसफाईला उतरायला. लिफ्टने खाली सोडतात, ऐंशी फूट तरी असेल. लोखंडी पिंजरा, करकरतो. नानी वरच थांबल्या, “मला ढगात जायचं आहे, पाताळात नाही” म्हणाल्या.

खाली घोट्याएवढं पाणी, पण वाहतं. चप्पल काढून उभी राहिले तर पायाला ओढ लागत होती. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढलेला, हाताला गुळगुळीत, मधेच मण्यांसारखे दाणे. एका कुंडीतून उजेडाचा पट्टा खाली आलेला, त्यात पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता. ओंजळभर प्यायले. गोड आहे. दुष्काळाच्या वर्षी हे पाणी आटलं का चालू राहिलं, कोण जाणे. चालू राहिलं असेल तर तटाच्या आत पाणी आणि बाहेर कोरडा मुलूख, असं ते चित्र. हमामातला हौद भरायचा प्रश्न आला नसेल.

गाईडने इथे रहीमचा पाण्यावरचा दोहा म्हटला, चालीत. छान म्हटला.

जेवण नदीपलीकडे, जैनाबादच्या आहूखान्यात. आहूखाना म्हणजे हरणं पाळायची बाग, शिकारीची आणि विरंगुळ्याची. आता समोरासमोर दोन पडक्या इमारती, मधे कोरडा हौद, भोवती शेतं. हरणं तर सोडाच, एक शेळी होती, ती आमच्या डब्यांभोवती फिरत होती. आम्ही सावलीत सतरंज्या टाकल्या आणि भरीत-पुरी सोडली. बामणोदची वांगी, काडीवर भाजलेली, हिरवी मिरची, तेल मोकळ्या हाताने. थंडीत सहल आणि भरीत नाही असं आमच्याकडे होत नाही. गाईडलाही बसवलं. तो म्हणाला, बऱ्हाणपूरचं भरीत वेगळं. यावर जो वाद झाला तो मुमताजच्या कबरीच्या जागेवरून होतो त्याहून मोठा.

मुमताजला आधी इथे, जैनाबादच्या बागेत पुरलं. सहा महिने ती इथे होती. डिसेंबरात शाहजादा शुजा तिला आग्र्याला घेऊन गेला. नेमकी जागा कोणती, यावर गावात मतं आहेत. गाईडने एक ओटा दाखवला, बायकांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

ज्या पोरीसाठी ती बाळंतीण झाली ती गौहरआरा जगली. तिच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. मला दिवसभरात सगळ्यात जास्त तिचीच आठवण आली. आईविना या गावात, दुष्काळात वाढलेलं तान्हं मूल. तिला दूध पाजायला दाया असतील, तटाबाहेरच्या तान्ह्यांना नसतील, हे खरं. तरी.

याच बागेत औरंगजेबही एकदा भान हरपून बसला, असं सांगतात. १६५३ च्या सुमाराची गोष्ट. मावशीच्या घरची हिराबाई नावाची गाणारी मुलगी, तिने उडी मारून झाडावरचा आंबा तोडला आणि शाहजादा गेला कामातून. पुढे तिला जैनाबादी म्हणायला लागले. ही गोष्ट गाईडला ठाऊक नव्हती, मीच सांगितली. आमच्या मंडळाला हमामापेक्षा ती जास्त आवडली. औरंगजेब आणि आंबा! ताई तर म्हणाली, हेच शाळेत शिकवलं असतंस तर पोरं पास झाली असती.

संध्याकाळी मोहना-तापीच्या संगमावर राजा जयसिंगाची छत्री. बत्तीस खांब, सुबक. पुरंदरचा तह करवणारा मिर्झाराजा तो हाच, दख्खनेतून परतताना १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात गेला. मराठी माणसाने इथे काय वाटून घ्यावं हे मला कधीच ठरवता आलं नाही. चौदाच वर्षांनी, राज्याभिषेकानंतर लगेच, १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटलं, बहादूरपुरा धुऊन नेला. आमच्यातल्या एकीचा मुलगा सोबत होता, कॉलेजात आहे, त्याने मोठ्या हौसेने गाईडला ते विचारलं. गाईड म्हणाला, “हां भैया, वो भी हुआ था,” आणि जिलेबीच्या दुकानाकडे गाडी वळवायला सांगितली.

मावा जिलेबी काळपट, जड, पाकात निथळलेली. एक खाल्ली की रात्रीचं जेवण नको. दराबाही घेतला, घरी मागणी होती.

परतताना गाडीत ठरलं की असीरगड राहिला, तो उन्हाळ्याच्या आत करायचा. ताई म्हणते गाईड हाच पाहिजे, पोरगा गोड बोलतो. मी उतरताना त्याचा नंबर घेतला, आणि पीटर मंडीचं नाव त्याला कागदावर लिहून दिलं. वाचेल की नाही माहीत नाही. कागद त्याने खिशात ठेवला आणि विचारलं, “ताई, इसमें मुमताज है क्या?”