काळ्या दगडातली ओलेती

इजिप्तच्या अबूकीर उपसागरात बुडालेल्या कॅनोपस या प्राचीन शहरातून सागरी पुरातत्त्वज्ञ फ्रँक गोदियो यांच्या चमूने वर काढलेली राणी अर्सिनोए दुसरी हिची मूर्ती आमच्या संग्रहालयात आली, तेव्हा तिचं लाइटिंग माझ्याकडे होतं. मूर्ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली, उंची साधारण दीड मीटर. डोकं नाही, हात नाहीत. तरी ती नुकतीच पाण्याबाहेर आली असावी तशी, अंगाला चिकटलेल्या वस्त्रातली ओलेती.

दगडाला प्रकाशाचं भय नसतं, जुन्या कापड-कागदासारखी 50 लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा त्याला नसते. म्हणून लोकांना आमचं काम सोपं वाटतं. पण काळा ग्रॅनोडायोराइट, म्हणजे तिचा हा ग्रॅनाइटसारखा कठीण दगड, झोत गिळतो. झोत वाढवावा, तर घोटलेल्या भागावर पांढरा डाग उठतो आणि आकार तिथेच मरतो. अशा दगडाला उजेड कमी आणि कोन नेमका लागतो.

आधी समोरून सौम्य झोत टाकला. चुण्या जवळजवळ नाहीशा झाल्या. उरला तो ताठ देह, सरळ मध्यरेषा, पुढे टाकलेला डावा पाय. ही उभं राहण्याची रीत इजिप्तमध्ये तिच्याही आधी 2000 वर्षांहून जुनी. मग समोरचा दिवा विझवून बाजूने, दगडाला घासत जाणारा अरुंद झोत सोडला. वस्त्राची चुणी न् चुणी उठली, पोटाची गोलाई दिसली, वस्त्राची गाठ वर आली. समोर साक्षात अफ्रोडाइटी, ग्रीकांची प्रेमदेवता.

क्युरेटरबाईंना बाजूचाच झोत हवा होता, पोस्टरवरही तेच रूप होतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ग्रीक शिल्प म्हटलं की सौंदर्य आणि इजिप्शियन म्हटलं की कडकपणा, ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड आहे. अर्सिनोए इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीकभाषक मॅसेडोनियन घराण्यातली, टॉलेमी पहिल्याची मुलगी. सख्ख्या भावाशी, टॉलेमी दुसऱ्याशी लग्न करून ती इजिप्तची राणी झाली. तिच्या मृत्यूनंतर त्याने देशभरच्या देवळांत तिच्या मूर्ती बसवायचा हुकूम दिला, इजिप्तमधल्या मेंडेस शहराच्या शिलालेखात तो आहे. अलेक्झांड्रियाजवळच्या झेफिरियनच्या भूशिरावर ग्रीक खलाशी तिला अफ्रोडाइटी मानून पूजत. म्हणजे इजिप्शियन आणि ग्रीक, दोन्हीकडचे भक्त तिच्यापुढे येत होते.

आणि कारागिरी पाहा! असं ओलं वस्त्र ग्रीकांनी संगमरवरात साधलं, तो छिन्नीला वश होतो. इथे तेच वस्त्र इजिप्तच्या कठीण दगडात, ठोकून आणि घासून घासून काढलंय. समोरचा उजेड काढून टाकला की त्या शिल्पकाराचं निम्मं काम अंधारात जातं.

शेवटी बाजूचा झोत मुख्य ठेवला आणि समोरून अगदी मंद दुसरा दिला. पाय दिसतो, चुण्याही टिकतात. दोन्ही झोत आळीपाळीने, हळूहळू, एका मिनिटाच्या फेरीत बदलावेत असं मी सुचवलं होतं. दिव्यांच्या कंट्रोलरमध्ये ते सहज बसलं असतं. ‘प्रेक्षक गोंधळतील’ म्हणून नकार आला. प्रेक्षक गोंधळत नाहीत. त्यांना थांबून पाहायला काहीतरी द्यावं लागतं, आणि तेवढी एक मिनिटाची फेरी आम्ही त्यांना नाकारली.