आमची पेटी अशीच आसा

प्रश्न मीच काढला होता, हे आधी सांगून टाकतो. ‘आपल्या वाद्याचा काळी एक हा सा धरून बारा सुरांच्या कंपनसंख्यांची यादी तयार करा व तिच्या आधारे दिलेला अलंकार वाजवा.’ काळी एक म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) पहिली काळी पट्टी. गुण वीस. सूत्राला आठ, यादीला चार, अलंकाराला पाच, तोंडीला तीन. त्यात एका मुलाला मी नऊ दिले. वर्ष होऊन गेलं, तरी ते नऊ काही डोक्यातून जात नाहीत.

मालवणपासून अर्ध्या तासावरचं आमचं कॉलेज. नवीन शैक्षणिक धोरणात ऐच्छिक विषयांची जी लाट आली, तिच्यावर बसून मी ‘संगीत आणि संगणक’ हा दोन क्रेडिटचा विषय सुरू करून घेतला. बी.एस्सी.ची आणि कलाशाखेची मिळून अठरा मुलं. चोवीस संगणकांपैकी आवाज नऊ जणांचाच येतो. पावसात वीज गेली की यूपीएस शिट्ट्या मारायला लागतात आणि पोरं त्या शिट्टीचा सा धरून आलाप सुरू करतात. तसे सुराला पक्के सगळे. वाडीवाडीत भजनी मंडळ, डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना ऐकत वाढलेली. शहरातल्या माझ्या मित्रांना वर्गात सप्तक समजावण्यात दोन तास घालवावे लागतात, मला दोन मिनिटं लागतात. मात्र त्यानंतर ‘सुराला नंबर कशाला?’ या प्रश्नावर महिना जातो.

आम्ही सुपरकोलायडर वापरतो. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये काढलेली ही आवाज तयार करायची संगणकभाषा आता फुकट मिळते, जुन्या मशीनवर चालते आणि तिला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे हा शेवटचा गुण सर्वांत मोठा. तिच्यात एका ओळीत सूर वाजतो. मिडी, म्हणजे संगणकाला सूर नंबराने सांगायची पद्धत, तिच्या हिशेबात ६९ नंबरचा ए हा पाश्चात्त्य सूर म्हणजे ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं), आणि पुढच्या प्रत्येक पट्टीला दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९५ ने गुणत जायचं. बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट, तार सप्तकाचा सा. हेच ते सूत्र, आठ गुणांचं.

या समान वाटणीत पंचम जवळपास जागेवर बसतो, पण गंधार चढा राहतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट धरलं तर पेटीचा शुद्ध गंधार सा पासून चारशे सेंटवर येतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा, पाचास चार या प्रमाणातला, ३८६ वर. चौदा सेंट. या चौदा सेंटांसाठी आपल्याकडे काय काय झालं! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स हे आयसीएस अधिकारी बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकात बाराऐवजी बावीस सूर देणाऱ्या, पेटीमागे लागले. १९४० पासून कितीतरी वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. हे मी रंगवून शिकवतो. मला आवडतं ते.

दुसरं आवडतं प्रकरण म्हणजे विस्पंद. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की आवाज कमीजास्त होत राहतो. सेकंदाला किती वेळा, तर दोन कंपनसंख्यांत जितका फरक तितक्या वेळा. वर्गात मी त्याला हेलकावे म्हणतो. हेलकावे थांबले की सूर मिळाला. तंबोरा लावणारा दुसरं काय करत असतो?

आता तो मुलगा. घरची पेटी, काका बुवा. वर्गात शेवटच्या बाकावर, बोलणं बेताचं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळपासून वीज दोनदा गेलेली, बाहेरून आलेल्या परीक्षकांना दुपारची गाडी गाठायची होती. परीक्षकांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांनी अठरापैकी एकाही मुलाचा हेडफोन कानाला लावला नाही. संगीताची परीक्षा त्यांनी स्क्रीनवर पाहून घेतली.

याच्या स्क्रीनवर सूत्र नव्हतंच. नुसते हाताने टाइप केलेले बारा आकडे. सा २७४. काळी एक म्हणजे २७७.१८ हवी. गंधार ३४३.५, पंचम ४११, कोमल निषाद ४८१. परीक्षक म्हणाले, ‘‘हे कुठून उतरवलं?’’ मी विचारलं, ‘‘अरे, हे आकडे कसले?’’

‘‘सर, आमची पेटी अशीच आसा.’’

मला वाटलं, अभ्यास केला नाही आणि आता थापा मारतोय. सूत्राला शून्य, यादीला दयेचा एक, अलंकार नीट वाजला म्हणून पाच, तोंडीचे तीन. संध्याकाळी गुण पोर्टलवर भरले, कुलूप लागलं.

मग गणपती आले. तिसऱ्या की चौथ्या रात्री एका सहकाऱ्याच्या घरी दर्शनाला गेलो, तर भजनाला याच्या वाडीचं मंडळ. पखवाजाच्या पुडीला कणीक लावणं चाललेलं, पेटीवर हा. मला पाहून ‘‘इलात? बसा’’ म्हणाला, जणू काही झालंच नाही. पेटीशेजारी लॅपटॉप, त्याला छोटा स्पीकर. बुवांनी रूपाच्या अभंगाआधी आलाप घेतला आणि मागे लॅपटॉपमधून सा-पची आस सुरू झाली. मोबाइलवरचा तंबोरा पेटीबरोबर लावला की जो त्रास होतो, तो अजिबात नव्हता. एकही हेलकावा नाही. गजर चढल्यावर झांजांत अर्थातच काही ऐकू आलं नाही, पण त्या पहिल्या चार मिनिटांत मी घामाघूम झालो होतो.

भजन संपल्यावर, उसळ-पाव हातात असताना, विचारलं. त्याने सांगितलं ते असं. घरी लॅपटॉपवर एक सूर लावायचा, पेटीची एक पट्टी दाबायची, हेलकावे थांबेपर्यंत आकडा बदलत जायचा. भात्याला बहीण, कारण भाता जोरात हलला की रीडचा (पेटीतल्या पितळी जिभेचा) सूर किंचित उतरतो आणि आकडा हातात राहत नाही. पाऊस पडत असताना पत्र्यावर काही ऐकू येत नाही, म्हणून दोन सरींच्या मध्ये. तीन रात्री. अर्ध्या हर्ट्झच्या खाली कान जात नाही म्हणून सगळे आकडे अर्ध्यावर थांबवलेले.

मी शिकवलेलं सगळं त्याने केलं होतं. फक्त प्रश्नात लिहिलं होतं तसं, आपल्या वाद्यावर.

घरी येऊन हिशेब मांडला. त्याच्या सा वरून गंधार निघतो ३९१ सेंटवर. माझी पहिली उडी अशी की, बघा, कुणीतरी जाणत्या माणसाने रीड बुडाशी खरवडून गंधार उतरवलाय. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे पेटी दुरुस्त करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. वर्गात सांगायला काय सुंदर गोष्ट! पण ३९१ म्हणजे धड ३८६ नाही, धड ४०० नाही. कुणी ऐकून उतरवलाय की पितळ गंजून आपोआप उतरलाय? खाऱ्या हवेत रीड हिरवी पडतात, टोकावर मळ साचला की सूर खाली येतो. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं. ‘‘माका म्हायत नाय सर. आजोबांच्या येळची आसा.’’

आणि तो कोमल निषाद! समान वाटणीने ४८८ हवा, याचा ४८१. सव्वीस सेंट खाली. तो बेसूरच आहे, त्यात श्रुती-बिती काही नाही. ‘‘हा सूर बुवा कसा चालवून घेतात?’’

‘‘तेका ते हातच लावनत नाय. सगळी भजनां तो सूर चुकवून बांधलेली.’’

‘‘मग यादीत कशाला लिहिलास? निदान तो तरी सूत्राने टाकायचास.’’

‘‘पेटीत आसा ना, सर.’’

यावर मी काय बोलणार? ती फाइल माझ्याकडे आहे. अधूनमधून वाजवतो. ४८१ खोडून ४८८ लिहितो, ऐकतो, परत ४८१ करतो.

गुण बदलता येतील का, म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की गुणपत्रकात बेरजेची चूक असेल तरच दुरुस्ती होते. बेरीज बरोबर होती. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘पास आसंय ना? मग र्‍हवांदे.’’

यंदा प्रश्नपत्रिका समितीने सांगितलं की प्रश्न संदिग्ध नकोत. मी ‘आपल्या वाद्याचा’ काढून ‘ए = ४४० हर्ट्झ धरून’ लिहिलं. अठराच्या अठरा याद्या दुसऱ्या दशांशापर्यंत सारख्या आल्या. तपासायला वीस मिनिटं लागली.