तुम्ही विचारलंत म्हणून: फुलपाखरं बघायला तिकीट कशाला?

बँकेत, लग्नकार्यात, परभणी स्टेशनवर ओळखीचं कुणी भेटलं तर तिथंही, मला एक प्रश्न हमखास येतो. त्याची चाल ठरलेली आहे. आधी थोडं हसायचं. मग, "मॅडम, परत गेल्ता म्हणं फुलपाखरं बघायला?" आणि मग खरा मुद्दा: "तुम्ही तर शेतकऱ्याच्या घरच्या. बांधावर फुकट दिसतात की! त्याला बंगळुरूपर्यंत जाऊन तिकीट कामून काढायचं?" उन्हाळ्यात ह्याच प्रश्नाला धार येते. "इथं लोकांना प्यायला टँकर, अन् तुम्हाला फुलपाखरं सुचायलीत."

आजवर मी हसून वेळ मारून नेली. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की हिच्याजवळ उत्तर नाही. उत्तर आहे, फक्त ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही.

बांधावर फुलपाखरं असतात हे मला सांगू नका. रुईवर प्लेन टायगर असतं, तरवडावर आणि टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, दारातल्या कडीपत्त्यावर कॉमन मॉर्मन. श्रावणात गौताळा अभयारण्याच्या घाटात गेलात तर गाडीच्या काचेपुढून किती जातात ते मोजता येत नाहीत. आणि टँकरचं म्हणाल, तर टँकरचा पाइप जिथं गळतो तिथं नीट बघा एकदा. ओल्या मातीवर पिवळी, पांढरी फुलपाखरं जमलेली असतात. बहुतेक सगळे नर. मातीतले क्षार शोषून घेतात आणि मिलनाच्या वेळी त्यातले काही मादीला देतात. म्हणजे टँकर आणि फुलपाखरं ही जोडी तुम्हाला वाटते तेवढी विजोड नाही.

पण बांधावरचं फुलपाखरू थांबत नाही, आणि बांधावरची बाईही थांबत नाही. तिला भाकरी घेऊन पुढं जायचं असतं. लहानपणापासून मी केशरी-काळं फुलपाखरू बघत आले आणि ते सगळं एकच समजत आले. तिकीट काढून गेले त्या फुलपाखरू बागेत पहिल्यांदा दोन फुलपाखरं हातभर अंतरावर शेजारी शेजारी बसलेली मिळाली, तेव्हा कळलं की त्यातलं एक प्लेन टायगर आहे आणि दुसरी डॅनाईड एगफ्लायची मादी. पहिल्याच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके, हिच्या पंखावर वरच्या कडेला एकच. प्लेन टायगरची अळी रुई खाते, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायची अळी खाते घोळ, जिची आपण डाळ घालून भाजी करतो. अंगात विष नाही, काही नाही, नुसतं सोंग. हे सोंग चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून उडत होतं आणि मला पत्ता नव्हता.

आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन. २०१५ साली ते जाहीर झालं. असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मखमली काळ्यावर ते निळं मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते बागेतच. कोषातून फुलपाखरू बाहेर येतानाही तिथंच पाहिलं. पंख ओले, चुरगाळलेले असतात. अंगातला द्रव ते पंखांच्या शिरांत ढकलतं आणि पंख हळूहळू सरळ होतात. सोंड तर दोन वेगळ्या तुकड्यांत बाहेर येते, आणि ते दोन तुकडे फुलपाखरू स्वतः जुळवत बसतं. नाही जुळले तर आयुष्यभर मध पिता येणार नाही. भिंगातून पंख पाहिला तर खवले कौलं शाकारल्यासारखे एकावर एक. चिमटीत धरलं की बोटाला जी पूड लागते ती हीच. म्हणून हात लावू नका म्हणतात. तरी लोक लावतात, लेकरांच्या हातात देऊन फोटो काढतात, त्यावर मी दरवेळी कुणाशी तरी भांडते.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालं की उत्तर. नाही झालं.

कारण ह्या बागांच्या विरोधात सगळ्यात जास्त मीच बोललेली आहे. सिंगापूरहून आलेल्या मैत्रिणीनं फोटो दाखवले तेव्हा मी म्हटलं होतं, छताखालची फुलपाखरं म्हणजे सर्कशीतला वाघ. ज्याला खरी आवड आहे त्यानं पावसात गौताळ्याला जावं, पायाला चिखल लागू द्यावा. तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते, हा एक भाग. पण त्या वेळच्या मला मी पूर्ण खोटं ठरवू शकत नाही. बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टाचा घुमट, २००६ साली सुरू झालेली आपल्या देशातली पहिली फुलपाखरू बाग, तिथंही वर छत आहेच. आतली हवा दमट ठेवतात, धबधबाही माणसानं केलेला. पंख फाटलेली, रंग उडालेली फुलपाखरं छताला धडकत राहतात. आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं, त्यातला बराच वेळ धडकण्यात. हे मला खुपतं. मग ओवळेकर वाडी बरी, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरची. जाळी नाही, छत नाही. अळ्यांना लागणारी झाडं लावली, मधाची फुलं लावली, खुळखुळ्याची झुडपं लावली, ज्यांना यायचं ती आपणहून येतात. मला विचाराल तर बाग अशी असावी. तरी घुमटाचं तिकीट मी काढतेच. तिथं खात्री असते ना. रजा काढून गेलेल्या माणसाला खात्री लागते.

आता जे कुणाला सांगत नाही ते सांगते.

आमची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग होती. २०१२ चा पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या बागांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. विहीर आटल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टँकर घेतले. झाडाचं पाणी तोडून, त्याला ताण देऊन बहार धरण्यात ज्यांची हयात गेली, ते नाना झाडाला ताण बसू नये म्हणून व्याजानं पैसे काढत होते. त्याच मार्चात मी ठाण्याला नणंदेकडं गेले होते आणि रविवारी सकाळी वाडीत जाऊन आले. फोटो फेसबुकवर टाकले. गावी गेल्यावर एक चुलते चार माणसांत म्हणाले, "बाप टँकरला पैसे मोजायलाय, अन् लेक फुलपाखरं मोजत हिंडायलीय." नाना तिथंच बसले होते. काही बोलले नाहीत. टँकरसाठी मीही पैसे पाठवले होते, पण ते तिथं काढायचं नव्हतं. मे संपता संपता बाग तोडली. सरपणाच्या भावानं गेली.

त्या वर्षी दिवाळीनंतर भाच्याच्या मुलीचं बारसं बंगळुरूला होतं. नाना यायला तयार नव्हते, त्यांना कसंतरी आणलं. आणि तिथल्या एका बागेत, बन्नेरघट्टा नव्हे, दुसरी एक लहान, मी त्यांना घेऊन गेले. हौस म्हणून नाही. चुलत्यांच्या वाक्याला उत्तर द्यायचं होतं. एकदा ह्यांनी डोळ्यांनी बघितलं की कळेल, लेक कशासाठी हिंडते ते.

आत शिरताच नानांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो धोतरानं पुसला. पहिलं वाक्य, "पाणी कुठून आणत्यात हे?"

"बोअर असंल, नाना."

"किती फुटाचा?"

मला माहीत नव्हतं. धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर एक फुलपाखरू बसलं, भाच्यानं फोटो काढला, नानांनी मान वळवून ते बघितलंसुद्धा नाही. ते वरच्या नळ्यांमधून पडणारे तुषार बघत होते.

बाहेर आल्यावर वाटेच्या कडेला लिंबाचं झुडूप होतं, अळ्यांसाठी लावलेलं. मी पाटी वाचत होते. तेवढ्यात नानांनी पान उलटं केलं, हिरवी अळी चिमटीत धरली. तिनं डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढली, तो आंबूस उग्र वास सुटला, आणि नानांनी ती खाली टाकून चपलेखाली चिरडली. दुसरी धरायला हात गेला पण.

राखणदार धावत आला. कन्नडमध्ये जोरजोरात बोलायला लागला. लोक थांबले. एकानं मोबाईल वर धरला. नाना त्याला मराठीत समजावत होते, "अहो दादा, ही पान खाणारी अळी आहे. झाड बोडकं करंल तुमचं. तुमच्याच भल्याचं करायलो मी." त्याला वाटलं हे उलट बोलतायत. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, ती अळी राखायचाच त्याला पगार होता. शेवटी भाचा मध्ये पडला. हात जोडून म्हणाला, "सॉरी भैया, गाँव से आये हैं, उनको मालूम नहीं."

नानांना हिंदी कळतं.

आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं नाना म्हणाले, "मालूम नहीं म्हणला." मी काय बोलणार! तेवढ्यात त्याच झुडपावर एक काळं-पिवळं फुलपाखरू आलं. लाइम बटरफ्लाय, त्याच अळीचं मोठं रूप. नानांनी बोट केलं नाही, आवाज चढवला नाही, पिकाबद्दल बोलतात तसं बोलायला लागले. "मादी आहे. आता पानावर पाय मारंल बघ. कोवळंच घेईल, जून पानाला शिवणार नाही. एकच अंडं ठेवील अन् उठंल." तिनं तसंच केलं, अगदी त्याच क्रमानं. पाय मारते म्हणजे ती पायानं पानाची चव घेते, हे मी तोवर वाचलेलं होतं. पाहिलेलं नव्हतं. नाना पुढं सांगत होते. आधी अळी पाखराच्या विष्ठेगत दिसते, माणसाला वाटतं पानावर घाण पडलीय. हिरवी झाली की मग खाण्याचा जोर. नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की आधी कलमांकडं बघायचं, मोठ्या झाडाला एवढा धोका नाही.

मी विचारलं, "नाना, तुम्ही हे सगळं बघत बसायचात?"

"बघितल्याबिगर मारता येतं का?"

ह्या वाक्यानं माझं उत्तर मोडलं. तुम्हाला द्यायचं म्हणून जे ठरवून ठेवलं होतं ते असं होतं: शेतात फुलपाखराकडं धाक वाटल्याशिवाय बघता येत नाही, पीक जाईल, पान जाईल, पैसा जाईल. बागेत माझं काहीच जाणार नसतं, म्हणून तिथं मला मोकळ्या मनानं बघता येतं, आणि तिकीट त्या मोकळेपणाचं. छान उत्तर होतं. पण त्या बागेत पाट्या वाचणाऱ्या, भिंग घेऊन फिरणाऱ्या, रजा काढून आलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा जवळून पाहिलं होतं ते ज्यानं आयुष्यभर त्या अळ्या मारल्या त्यानं. मग माझ्या मोकळ्या बघण्याची किंमत किती?

अगदीच शून्य नाही, असं मी अजून म्हणते. नानांना मादी दिसली, तिच्या पंखावरचं पिवळं दिसलं की नाही ते मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत त्यांना ते एकदाही सुंदर वाटलं का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि समजा वाटलं असेल तर ते कबूल करणारे नाना नव्हेत. मला सुंदर वाटतं. मला त्यासाठी दोन रात्रींचा रेल्वे प्रवास परवडतो. त्यांना परवडलं नसतं, हे खरंय. पण म्हणून मीही बघू नये, हे कुठल्या न्यायानं? टँकरचा हिशेब नेमका फुलपाखरांपाशीच का मांडता? तुम्ही शिर्डी, तिरुपती, गोवा करून येता तेव्हा मी विहिरीच्या पाण्याची पातळी विचारते का?

भावानं परत मोसंबी लावलीय. पाऊसमान बरं झाल्यावर, ठिबकवर. गेल्या महिन्यात नवती फुटली आणि त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. पानावर हिरवी अळी, खाली लिहिलेलं, "तुझे पाहुणे आलेत. काय करू?" मी त्याला फोन लावला. म्हटलं, कलमं लहान आहेत तोवर हातानं वेचता येतात, वेचून बांधापल्याडच्या बेलावर सोड, बेलावरही जगतात त्या. तो म्हणाला, वेचायला बाया लावायच्या तर रोज कोण देणार, तू का? मी म्हटलं, हो, एका दिवसाचा देते. दुसऱ्या दिवसाचं माझ्या तोंडून निघालं नाही.

मागून नानांचा आवाज आला. "तिला काय विचारायला रे! सकाळी सातच्या आत फवार, मागून वारा सुटतो."

त्यानं फवारलं. मी त्याच्या जागी असते तर मीही फवारलं असतं. आणि जानेवारीचं नांदेड-बंगळुरूचं रिझर्वेशन मी त्याच्या आधीच करून ठेवलेलं होतं, ते काही रद्द केलेलं नाही.