रुओने चित्रं का जाळली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मुद्राचित्रण, म्हणजे प्लेटवर चित्र कोरून कागदावर छापे काढण्याची कला, शिकवते. वर्गात फ्रेंच चित्रकार झॉर्झ रुओचं नाव निघालं की प्रश्न ठरलेला: "मॅडम, स्वतःचीच चित्रं जाळायला हात कसा झाला त्याचा?"

जाळली हे खरं. नोव्हेंबर 1948 मध्ये, साक्षीदारांसमोर, 315 चित्रं. पण गोष्ट आगीपासून सुरू केली तर तो माथेफिरू वाटतो. म्हणून मी आधी 'मिझेरेरे' दाखवते.

ही 58 मुद्राचित्रांची मालिका. 1912 मध्ये रुओचे वडील गेले, पाठोपाठ पहिलं महायुद्ध आलं. त्या दुःखातून ती उभी राहिली. चित्रांचा व्यापारी आंब्रुआझ व्होलारने रुओच्या मूळ चित्रांवरून फोटोच्या तंत्राने तांब्याच्या प्लेट करून घेतल्या होत्या. त्यावरून छापे काढले असते तरी लोकांनी घेतले असते. रुओला ते चालेना. त्याने प्लेट पुन्हा खरवडल्या, ॲक्वाटिंट केलं, म्हणजे ॲसिडने करड्या-काळ्या छटा उतरवल्या, घासून उजेड काढला, प्रूफ म्हणजे चाचणीचा छापा पाहिला, परत हातात घेतल्या. काही प्लेट दहा-पंधरा वेळा. 1927 मध्ये छपाई झाली, प्रकाशन मात्र 1948 उजाडेपर्यंत रखडलं.

चौदाव्या वर्षी तो रंगीत काचांच्या कारागिराकडे उमेदवारी करत होता. त्याच्या जाड काळ्या रेषांचं मूळ तिथल्या काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांत शोधतात. ते पटतं, पण 'मिझेरेरे'तला काळा मला त्याहून खोल वाटतो, ॲसिडने तांब्यात उतरवलेला.

आता आग. व्होलारने त्याचं सगळं काम विकत घेतलं होतं, पण चित्रं सवडीने पुरी करायची मुभा रुओकडे होती. 1939 मध्ये व्होलार मोटार अपघातात गेला आणि वारसांनी अपुऱ्या चित्रांसकट सगळ्याला कुलूप घातलं. रुओ कोर्टात गेला. 1947 मध्ये निकाल लागला: चित्रकाराने पुरं करून हाती दिलं नाही तोवर चित्र त्याचंच. सुमारे 700 चित्रं परत मिळाली. पंचाहत्तरी उलटलेली, सगळी पुरी होणार नाहीत हे त्याला कळत होतं. जी होणार नव्हती, ती त्याने जाळली.

माझं एक कच्चं प्रूफ एकदा मला न विचारता प्रदर्शनात लावलं गेलं. सहीही नव्हती त्यावर. विकलं गेलं. त्यातल्या बाईचा डावा खांदा अजून घासायचा राहिला होता. ती प्लेट मी जपून ठेवली आहे, पण तो छापा कुणाच्या भिंतीवर आहे, मला माहीत नाही.