तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियन येत नाही, मग परीक्षण कशाचे?

कोरियन पॉपच्या नव्या गाण्यांवर मी लिहिते हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: भाषा येत नाही, मग परीक्षण नेमके कशाचे करता? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला मनापासून द्यावेसे वाटते, कारण या संगीताची चर्चा बहुतेक वेळा नाच, पोशाख आणि खपाच्या आकड्यांपाशीच संपते.

मी परीक्षण करते ते रचनेचे. यातली बरीचशी गाणी सेऊलमध्ये संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला, प्रकाशित होतात आणि बहुधा व्हिडिओही त्याच वेळी येतो. पण पहिल्यांदा ऐकताना मी तो लावत नाही. नाच दिसू लागला की रचनेतली पोकळ जागाही भरल्यासारखी वाटते. नुसते ऐकताना मात्र कडव्यातून ध्रुवपदात शिरताना गाणे कुठे अडखळले, कोणत्या आवाजाला झेपणार नाही अशा पट्टीत ओढले, हे लपत नाही.

‘न्यूजीन्स’ या मुलींच्या गटाचे डिसेंबर 2022 मधले ‘डिट्टो’ हे गाणे घ्या. त्याचा ठेका अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लबांमधून आलेला, भरधाव आणि तुटक. त्यावर मुली गातात त्या मात्र अजिबात घाई न करता, जवळजवळ गुणगुणल्यासारख्या. ठेका पुढे धावतो, चाल मागे रेंगाळते, आणि त्या ओढाताणीतून जी हुरहूर उमटते तिला शब्दार्थाची गरज पडत नाही. याउलट ‘एस्पा’चे मे 2024 मधले ‘सुपरनोव्हा’ खर्जातल्या इलेक्ट्रॉनिक धडधडीवर उभे आहे, आणि त्याच्या ध्रुवपदाच्या ओळी ‘आ, ओ, ए’ अशा मोकळ्या स्वरांवर जाऊन सुटतात. एवढ्या जड वाद्यमेळातून ते स्वर अलगद वर येतात, यातच रचनाकारांचे कसब दिसते.

माझी खरी तक्रार आहे ती गाण्यांच्या लांबीबद्दल. ‘गर्ल्स जनरेशन’च्या 2013 मधल्या ‘आय गॉट अ बॉय’मध्ये साडेचार मिनिटांत लय अनेकदा पालटते, तर ‘आयलिट’चे 2024 मधले ‘मॅग्नेटिक’ तीन मिनिटांच्या आत आटोपते. ‘मॅग्नेटिक’ मला आवडते, त्याची चाल पक्की आहे. पण लांबी कमी करण्याच्या या ओघात शेवटच्या ध्रुवपदाआधीचा तो निराळा भाग, जिथे चाल वळण घेते आणि एखाद्या गायिकेला आपला आवाज पूर्ण मोकळा सोडता येतो, तोच अनेक गाण्यांतून गळून पडतो आहे. त्याची उणीव जाणवली तर मी ती स्पष्ट लिहिते, मग गाणे कितीही गाजलेले असो.

खपाचे आकडे मी परीक्षणात आणत नाही. ‘सेव्हन्टीन’ या गटाच्या ‘एफएमएल’ या अल्बमच्या 2023 मध्ये पहिल्याच आठवड्यात 45 लाखांहून अधिक प्रती खपल्या, पण अशा अल्बमांत कोणत्या सदस्याचे छायाचित्र-कार्ड निघेल हे आधी कळत नसल्यामुळे एकच चाहता अनेक प्रती घेतो, तेव्हा त्या आकड्यावरून चाहत्यांची निष्ठा कळते, गाण्याचा दर्जा कळत नाही.

राहिला शब्दांचा प्रश्न. आयूसारखी गायिका स्वतःची गीते स्वतः लिहिते आणि तिच्या गाण्यांत शब्दांना मोठे वजन असते. तिथे मी अनुवाद वाचून आशयाबद्दल लिहिते, पण शब्दकळेवर मत देत नाही. ते कोरियन समीक्षकांनी लिहावे आणि मी ते वाचावे.