बेट साइझिंग: एकतृतीयांशचा नियम मोडीत काढला

मागच्या वेळी पोकरबद्दल मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं की आता तिन्ही स्ट्रीटवर (फ्लॉपला टेबलावर तीन पानं, टर्नला चौथं, रिव्हरला पाचवं, आणि प्रत्येकानंतर पैजेची एक फेरी) एकच बेट, एकतृतीयांश पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा. चांगल्या पानांवर मोठी आणि ब्लफला (कच्च्या पानांवर मारलेली थाप) छोटी बेट लावून मी हात उघडा पाडत होतो, त्यावरचा तो उपाय. हात लपला खरा, पण परवा त्याच नियमाने दणका दिला.

मी बटणवर (फ्लॉपनंतर शेवटी बोलायची जागा), हातात अठ्ठ्यांची जोडी. माझं 3 ब्लाइंडचं रेझ (ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधीची सक्तीची रक्कम, पुढचे आकडे त्यातच), बिग ब्लाइंड भरणाऱ्या खेळाडूचा कॉल, म्हणजे त्यानेही तेवढेच भरले, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉट 6.5. फ्लॉपवर गुलाम-अठ्ठी-पंजी, त्यात गुलाम आणि पंजी इस्पिकचे. सेट लागला, म्हणजे तीन अठ्ठ्या. नियमाप्रमाणे 2 लावले, कॉल. टर्नला बदामाची दुर्री. पॉट 10.5, मी 3.5, पुन्हा कॉल. रिव्हरला इस्पिकची राणी. त्याने 12 लावले, मी कॉल केला, त्याने फ्लश दाखवला, पाचही पानं इस्पिकची.

फ्लश लागतोच कधीतरी, त्याचं वाईट वाटलं नाही. झोप उडाली ती टर्नचा हिशेब मांडल्यावर. 3.5 भरून एकूण 17.5 च्या पॉटसाठी खेळायला मिळत होतं, म्हणजे त्याला 20 टक्के जिंकणं पुरेसं. त्याला न दिसलेल्या 46 पानांत त्याच्या कामाची इस्पिकं 9, म्हणजे 19.6 टक्के. वर रिव्हरला लागलं की माझ्याकडून आणखी मिळणारच. कॉल करणं त्याला परवडेल असा भाव मीच लावून दिला होता. तिथे 7 लावले असते, तर त्याला 28.6 टक्के लागले असते आणि तोच कॉल महागात गेला असता.

दुसरं नुकसान तर याहून मोठं. 6.5 च्या पॉटवर तिन्ही वेळा एकतृतीयांश लावून कॉल मिळत गेले, तरी माझ्या 97 ब्लाइंडपैकी जेमतेम 12 आत जातात. दोनतृतीयांशने 38. पूर्ण पॉटने 84! सेट घेऊन बसायचं आणि 12 ब्लाइंडचा डाव खेळायचा, हे मला मुळीच पटत नाही.

म्हणून सरसकट दोनतृतीयांशवर जायचं ठरवून लिहायला बसलो होतो. पण ब्लफचं गणित मांडताना हात थांबला. एकतृतीयांशचा ब्लफ 25 टक्के वेळा फोल्ड मिळाले, म्हणजे समोरच्याने पत्ते टाकले, की फिटतो, दोनतृतीयांशला 40 टक्के लागतात. राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, अशा कोरड्या बोर्डवर (टेबलावरची पानं, ज्यांत फ्लश किंवा ओळ जमण्याची शक्यता कमी) छोटी बेटच भरपूर काम करते. तेव्हा ठरावच बदलतो: बेट बोर्ड बघून ठरवायची. कोरड्यावर एकतृतीयांश, ओल्यावर (जिथे तशी शक्यता जास्त) दोनतृतीयांश, आणि त्या बोर्डवर सेट असो की ब्लफ, आकडा तोच. हात लपलेलाच राहील.

काल पहिल्यांदा जमलं. नश्शी-अठ्ठी-छक्की, दोन किलवर, माझ्याकडे वरची जोडी. दोनतृतीयांश, टर्नला पुन्हा दोनतृतीयांश, आणि समोरच्याने बराच वेळ घेऊन पत्ते टाकले. छोटासाच पॉट, पण अजून डोळ्यांसमोर आहे.

ॲपमधली अर्धा पॉट आणि पूर्ण पॉटची तयार बटणं मी काढून टाकली आहेत. बोट आपोआप तिकडे जातं. सॉल्व्हर, म्हणजे सर्वोत्तम चाल मोजून देणारं सॉफ्टवेअर, तेही सध्या बाजूला. आपल्याला या पायरीवर साधी स्प्रेडशीट जास्त शिकवते, असं माझं ठाम मत. तिच्यात आज रात्री एक नवा रकाना घालतोय: रिव्हरला किती ब्लाइंड उरायला हवेत ते आधी, आणि फ्लॉपची बेट त्यावरून मागे मोजत.